नदीकाठचे चार सोबती

अद्भुतकथा म्हटली की डोळ्यांसमोर सात समुद्रांपलीकडचा राक्षस उभा राहतो, पोपटाच्या कंठात दडविलेला प्राण आठवतो, उडता गालिचा आठवतो. राज्ये मिळतात आणि जातात. नायकाला रात्रंदिवस उसंत म्हणून मिळत नाही. परंतु अद्भुतकथेचा आणखी एक, गरीब स्वभावाचा प्रकार आहे. त्यात कोणाचे राज्य जात नाही. फार झाले तर कोणी पावसात भिजतो, कोणी वाट चुकतो. मग कोणीतरी दार उघडून त्याला आत घेते, हातपाय शेकावयास विस्तव दाखविते आणि गरम गरम खावयास घालते. प्राणी बोलतात, अंगात कोट घालतात, एवढेच काय ते त्यातले अद्भुत. अशी पुस्तके पाहून काही मोठी माणसे नाक मुरडतात. त्यांच्या मते ती म्हणजे दुपारच्या झोपेसाठी केलेली मऊ उशी. डोके टेकावयास बरी, पण डोक्यात काही भरावयास निरुपयोगी. हा आक्षेप सर्वस्वी खरा नाही आणि सर्वस्वी खोटाही नाही. तो पारखून पाहावयाचा तर केनेथ ग्रॅहम यांच्या 'द विंड इन द विलोज' या इंग्रजी कादंबरीइतके सोयीचे दुसरे पुस्तक सापडणे कठीण.

विलो हे वाळुंजाच्या जातीचे झाड. ते पाण्याच्या कडेने वाढते. त्याच्या फांद्यांतून खेळणाऱ्या वाऱ्याचे नाव धारण करणारी ही कादंबरी १९०८ साली इंग्लंडमध्ये प्रसिद्ध झाली. तिच्यात चार सोबती आहेत. पहिला मोल. हा जमिनीखाली बिळे करून राहणारा, मखमली काळ्या अंगाचा, अंधुक नजरेचा लहानसा प्राणी. महाराष्ट्रात तो आढळत नाही, म्हणून मराठीत त्याला घरोब्याचे नाव नाही. मराठीतल्या 'मोल' या शब्दाशी त्याचा काही संबंध नाही, हे सांगून टाकलेले बरे. दुसरा पाणउंदीर. नदीवर त्याचा जीव. नाव वल्हविण्यात तो तरबेज आणि फावल्या वेळात कविताही करतो. तिसरा बॅजर. हा रानात एकटाच राहणारा, राखी केसांचा, बसक्या पण दणकट बांध्याचा प्राणी; बोलावयास तुटक, मनाने थोर. आणि चौथे बेडूकराव. त्यांना 'राव' म्हणण्याचे कारण असे की, नदीकाठी त्यांचा वाडा आहे, तबेला आहे, वडिलोपार्जित पैसा आहे आणि स्वतःच्या थोरवीविषयी त्यांच्या मनात यत्किंचितही शंका नाही.

ग्रॅहम यांचा जन्म १८५९ साली स्कॉटलंडमधील एडिंबरो या शहरी झाला. ते पाच वर्षांचे असताना त्यांची आई वारली. वडिलांच्या हातून मुलांचा सांभाळ होईना, तेव्हा भावंडांची रवानगी आजीकडे झाली. आजीचे घर टेम्स नदीजवळच्या कुकहॅम डीन या गावी होते. बाग, झाडे आणि जवळच नदी! परंतु त्या घरातला त्यांचा मुक्काम थोड्याच दिवसांचा ठरला. पुढे ऑक्सफर्डच्या शाळेत त्यांचे शिक्षण झाले. तेथील विद्यापीठात जावे अशी त्यांची फार इच्छा होती; पण खर्च करणारे नातेवाईक तयार झाले नाहीत. १८७९ साली ते बँक ऑफ इंग्लंडमध्ये कारकून म्हणून लागले आणि चढत चढत १८९८ साली त्या बँकेचे चिटणीस झाले. त्यांना एकच मुलगा होता, ॲलेस्टर. जन्मापासूनच त्याला एका डोळ्याने दिसत नसे. निजावयाच्या वेळी वडील त्याला एका बढाईखोर बेडकाच्या गोष्टी सांगत. आणि १९०७ साली मुलगा काही दिवस दूर राहावयास गेला, तेव्हा पुढच्या गोष्टी त्यांनी पत्रांतून लिहून पाठविल्या. या पत्रांतूनच पुस्तक वाढले. ते तयार होत होते त्या सुमारास ग्रॅहम राहावयास होते ते पुन्हा कुकहॅम डीन येथेच. चाळीस वर्षांनी ते आजीच्या गावी परतले होते.

कादंबरी उघडते ती वसंत ऋतूत. मोल आपल्या बिळात साफसफाई करीत आहे. झाडलोट झाली आहे, भिंतींना चुना देणे चालू आहे, पाठ भरून आली आहे, काळ्या अंगावर पांढरे शिंतोडे उडाले आहेत. वर जमिनीवर आलेल्या वसंताची चाहूल खाली त्या काळोखातही लागते. मोल कुंचला फेकून देतो, कोट घालावयासही थांबत नाही आणि माती उकरीत उकरीत उन्हात येतो. कुरणातून भटकता भटकता त्याला नदी दिसते. जन्मात त्याने नदी पाहिलेली नसते. पाणउंदीर भेटतो, त्याला नावेत घेतो, फराळाची करंडी उघडतो. परत येताना मोलला वाटते, वल्हविणे ते काय अवघड? तो वल्ही हिसकावून घेतो आणि नाव उलटी करतो. पाणउंदीर गटांगळ्या खाणाऱ्या मोलला मानगूट धरून वर काढतो आणि हसतो. एका दिवसाच्या ओळखीवर एवढा अपराध घडलेला. तरी मोल त्याच रात्री त्याच्या घरी पाहुणा म्हणून झोपतो, आणि पुढे तेथेच राहतो.

असे हे साधे प्रकरण. पुस्तक निघाले तेव्हा लंडनच्या 'टाइम्स'मधील परीक्षकाने लिहिले की, प्राणिशास्त्रात या पुस्तकाने नगण्य भर घातली आहे. टीका करावयाची म्हणून करावी, ती अशी! उलट अमेरिकेचे त्या वेळचे अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांना आरंभी ग्रॅहम यांची ही नवी तऱ्हा रुचली नव्हती. पण घरच्यांनी आग्रह धरल्यावर त्यांनी पुस्तक पुनःपुन्हा वाचले, आणि १९०९ साली ग्रॅहम यांना तसे पत्र लिहून कळविले. म्हणजे नाक मुरडणारे होते आणि जीव लावणारेही होते. दोघांपैकी खरे कोणाचे, हे पुस्तकाच्या पोटात शिरल्यावाचून कळणार नाही.

ग्रॅहम यांना अन्नाची, विस्तवाची आणि पाहुणचाराची वर्णने करण्याची विलक्षण हातोटी आहे. पण केवळ शेगडी पेटविली म्हणजे वाचणाऱ्याला ऊब वाटत नाही; त्याला आधी थंडी वाजली पाहिजे. तिसऱ्या प्रकरणात मोल हिवाळ्यातल्या एका दुपारी, पाणउंदराचे न ऐकता, एकटाच रानात जातो. प्रथम काही वाटत नाही. मग एका भोकात एक चेहरा दिसतो आणि नाहीसा होतो. मग प्रत्येक भोकात चेहरे. मग शिट्या, आणि त्यानंतर पाचोळ्यावरून पळणाऱ्या पायांचा आवाज, मागून, पुढून, चहूकडून. कोणीच अंगावर येत नाही, आणि म्हणूनच भीती अधिक वाटते. मोल एका जुन्या झाडाच्या ढोलीत थरथरत दडून बसतो. पाणउंदीर पिस्तुले आणि सोटा घेऊन त्याला शोधून काढतो. तोवर बर्फ पडू लागते आणि वाटा बुजून जातात. धडपडत चालताना मोलच्या नडगीला काहीतरी लागून रक्त येते. ते असते दारापुढे चिखलाचे जोडे खरवडण्यासाठी बसविलेले लोखंडी पाते. मोलला त्याचा अर्थ उमगत नाही, पाणउंदराला उमगतो. जेथे जोडे खरवडावयाचे पाते आहे, तेथे दार असलेच पाहिजे! दोघे बर्फ उकरतात, आणि बॅजरचे दार सापडते.

त्या दाराआड जे स्वयंपाकघर आहे, त्याची सर कोणत्या राजवाड्याला येणार? छताच्या तुळयांना कांद्याच्या माळा टांगलेल्या, मोठ्या चुलीत जाड ओंडके धडधडत आहेत, आणि बॅजर सपाता घालून मोलची नडगी धुऊन तिला पट्टी चिकटवीत आहे. जेवताना कोणी मेजावर कोपरे टेकले, कोणी तोंडात घास असता बोलले, तरी तो काही म्हणत नाही. "मी आधीच सांगितले नव्हते काय?" हे वाक्य तो उच्चारीत नाही. वडीलधाऱ्यांना हे वाक्य गिळणे किती अवघड जाते, हे मुलांना ठाऊक असतेच. आणि या घरामागे एक रहस्य आहे. बॅजरचे भुयारी घर माणसांच्या एका प्राचीन, गाडल्या गेलेल्या नगराच्या अवशेषांत वसलेले आहे. माणसे आली, त्यांनी मोठमोठे बांधले, ती निघून गेली. बॅजर आधीही होते, नंतरही राहिले. जेवणाच्या ऊबदार गप्पांत ग्रॅहम हे एवढे मोठे सत्य सहज सांगून जातात आणि पुढे चालू लागतात.

परंतु पुस्तकातले सर्वांत सुंदर प्रकरण पाचवे. डिसेंबर महिना. मोल आणि पाणउंदीर दिवसभर भटकून अंधारातून घराकडे निघाले आहेत. मोल आता नदीकाठीच रमला आहे. जुने बीळ त्याच्या मनातूनही गेले आहे. एकाएकी काळोखात त्याच्या नाकाला एक वास येतो. तो त्याच्या घराचा वास असतो. कुंचला फेकून ज्या घरातून तो निघाला, ते येथेच कोठेतरी जवळ आहे, आणि जणू ते त्याला हाक मारीत आहे. मोल थांबतो, पुढे गेलेल्या पाणउंदराला ओरडून सांगू पाहतो. पाणउंदराला ते नीट ऐकू जात नाही. बर्फ पडण्याचा रंग दिसत आहे, घाई केली पाहिजे, असे तो तिकडून म्हणतो. एका बाजूला घर आणि एका बाजूला मित्र. मोल मित्रामागून जातो. थोडे अंतर जातो, आणि मग त्याचा बांध फुटतो. हुंदके देत देत तो सांगतो: ते एक गरीब, अंधारे बीळ आहे, तुझ्या घरासारखे नाही, बॅजरच्या घरासारखे तर नाहीच नाही, पण ते माझे होते.

पाणउंदीर तेथल्या तेथे स्वतःला दोष देतो, मोलला हाताशी धरतो आणि अंधारात मागे वळतो. घर सापडते. त्यात धूळ साचली आहे, गारठा आहे, खावयास काही नाही. मोलला लाज वाटते. पण पाणउंदीर प्रत्येक वस्तूचे कौतुक करीत सुटतो. विस्तव पेटवितो, फडताळे धुंडाळतो, कोठून सार्डिन माशांचा एक डबा काढतो, बिस्किटे काढतो. इतक्यात नाताळची गाणी म्हणणारी शेतातल्या उंदरांची पोरे दाराशी येतात. त्यांपैकी एकाला पैसे आणि टोपली देऊन तो दुकानात पिटाळतो, आणि पाहता पाहता त्या गारठलेल्या बिळात मेजवानी उभी राहते. दुसऱ्याच्या गरिबीत शिरून तिला संपत्तीचे रूप देणारा असा मित्र साऱ्या पुस्तकात दुसरा नाही. रात्री निजताना मोल आपल्या जुन्या वस्तूंकडे पाहतो. आपले घर किती साधे आहे हे त्याला दिसते आणि किती प्रिय आहे हेही. तरी उद्या नदीकाठी परत जावयाचे, हे त्याच्या मनाशी पक्के आहे. लहानपणी एक घर मिळून लगेच सुटले, अशा माणसाने हे लिहिले आहे, हे ठाऊक असले म्हणजे त्या वासाचे वर्णन अधिकच जवळचे वाटते.

हे पुस्तक म्हणजे उशी असेल, तर अशा जागी ती डोळ्यांतल्या पाण्याने ओली होते.

बेडूकरावांचा खाक्या अगदी वेगळा. त्यांना आज एका गोष्टीचे वेड, उद्या दुसऱ्या. आधी नावा, मग घोडा जोडलेले चाकांवरचे घर. ते घर एका मोटारीच्या धक्क्याने खड्ड्यात गेले, तेव्हा रस्त्यात फतकल मारून बसलेल्या बेडूकरावांना रागाऐवजी मोटारीचेच वेड लागले. ते मोटारी फोडतात, शेवटी एक चोरतात आणि न्यायालयात उभे राहतात. शिक्षेचा हिशेब मोठा मासलेवाईक आहे: चोरीबद्दल १ वर्ष, बेफाम हाकण्याबद्दल ३ वर्षे आणि पोलिसांशी उर्मटपणा केल्याबद्दल १५ वर्षे. बेरीज १९, पण पूर्ण आकडा बरा दिसतो म्हणून २० वर्षे! तुरुंगात बेडूकराव अन्न सोडून रडत पडतात, तेव्हा तुरुंगाधिकाऱ्याची मुलगी लोणी लावलेला गरम पाव आणि चहा आणते, आणि त्या वासानेच रावांना जगावेसे वाटू लागते. मग परटिणीचा वेष, आगगाडीतून पलायन, कालव्यावरची फजिती, असा धमाल प्रवास सुरू होतो. लहान ॲलेस्टरला हा भाग का आवडला असेल, हे सांगावयास नको.

येथून पुस्तकाचे दोषही दिसू लागतात. काही दोष गमतीचे आहेत. बेडूकराव परटिणीचे कपडे घालतात आणि माणसे फसतात. मग बेडूकराव आकाराने केवढे? मोटार हाकतात म्हणजे माणसाएवढे असले पाहिजेत. पण त्यांचा मित्र मोल तर बिळात मावतो. फराळाच्या करंडीत शिजविलेली कोंबडी आहे; ज्या जगात उंदीर कविता करतो, त्या जगात कोंबडीला काही बोलावयाचे नव्हते काय? 'विनी द पू' लिहिणारे ए. ए. मिल्न यांनी या कादंबरीवरून केलेले नाटक १९२९ साली रंगभूमीवर आले. तेथे सर्वच पात्रांची कामे माणसांनी केल्यामुळे आकाराची अडचण आपोआप मिटली. वाचणाऱ्यालाही ती फारशी भासत नाही. एकदा गोष्टीत रमल्यावर मोजपट्टी कोण काढतो? याहून थोडा जड दोष असा की, मोलची शांत प्रकरणे आणि रावांची धावपळ एकमेकांत नीट मिसळत नाहीत. जणू दोन पुस्तके एका बांधणीत शिवली आहेत.

खरा दोष यापुढचा. बेडूकरावांची वीस वर्षांची शिक्षा अखेरीस कोठे गेली? कोणी तिचे नाव काढीत नाही. ते पळून येतात, वाडा परत मिळवितात, मेजवानी देतात. आगगाडी हाकणाऱ्याला आणि तुरुंगातल्या मुलीला ते भेटी पाठवितात. कालव्यावरच्या बाईला घोड्याचे पैसे मात्र बॅजरने डोळे वटारल्यावर देतात. तुरुंग मागे लागत नाही. गरिबाच्या पोराने मोटार चोरली असती तर पुस्तकाने त्याला एवढ्या मायेने घरी आणले असते काय? शिवाय, प्राण्यांच्या या साऱ्या गोतावळ्यात लक्षात राहील असे एकही स्त्रीपात्र नाही. ज्या स्त्रिया भेटतात त्या माणसांतल्या: पाव आणणारी मुलगी, तिची परटीण मावशी, कालव्यावरची बाई. नदीकाठच्या बैठकीत त्यांना जागा नाही. चार मित्रांचे जग ऊबदार राहावे म्हणून लेखकाने दार लवकर लावून घेतले, आणि पुष्कळजण बाहेर राहिले.

त्या बाहेर राहिलेल्यांत रानातले रहिवासीही आहेत. वीझल, स्टोट आणि फेरेट ही मुंगसासारखी लांबट, चपळ जनावरे. मोलला भिवविणारे चेहरे त्यांचेच. राव तुरुंगात असताना ती वाडा बळकावतात, पलंगांवर लोळतात, रावांच्या कोठारातले खातात. मग चौघे सोबती भुयारातून आत शिरून सोटे चालवितात आणि शेकडो शत्रू घटकाभरात पळून जातात. लढाई वाचावयास मौज वाटते. पण इतक्या सहज हरणारा शत्रू मनात फार वेळ टिकत नाही. ही जनावरे हिवाळ्यात काय खातात, त्यांच्या घरी विस्तव असतो की नाही, त्यांना वाड्याचा मोह का पडला, हे ग्रॅहम सांगत नाहीत. बॅजरच्या स्वयंपाकघरात बर्फात वाट चुकलेल्या साळिंदरवजा हेजहॉगच्या दोन पोरांना लापशी मिळते. वीझलच्या पोराला ती मिळाली असती की नाही, कोण जाणे. हा प्रश्न पुढे एका इंग्रज लेखकालाही पडला. जॅन नीडल यांनी १९८१ साली 'वाइल्ड वुड' नावाची कादंबरी लिहून तीच हकीकत रानातल्या गरीब फेरेटांच्या बाजूने सांगितली.

आश्चर्य असे की, ग्रॅहम यांनी स्वतः एकदाच, अगदी शेवटच्या परिच्छेदात, ते दार किंचित किलकिले केले आहे. सगळे शांत झाल्यावर उन्हाळ्यातल्या लांबलचक संध्याकाळी चौघे सोबती त्या रानात फिरावयास जातात. आता तेथे भीती नाही. रहिवासी अदबीने नमस्कार करतात. वीझल आया आपल्या पिलांना बिळाच्या तोंडाशी आणून बोट दाखवितात: ते पाहा बेडूकराव, तो पाणउंदीर, तो मोल. आणि पिले हट्टास पेटली म्हणजे, गप्प बसला नाहीत तर तो भयंकर राखी बॅजर येऊन धरून नेईल, असा धाक घालतात. बॅजरला खरे म्हणजे मुले फार आवडत; पण धाक हटकून लागू पडे. तेव्हा त्या रानात आया होत्या, पिले होती, त्यांना निजविण्याची धडपड होती. पुस्तकभर कोठेही न दिसलेले ते घर असे जाता जाता बाहेरून दिसते, आणि तेवढ्यात शेवटचे पान संपते.